उणे चाळीस

१

शनिवारची सकाळची शाळा सुटली की केसरीनाथ भोईर वाटेत कोथिंबिरीची जुडी घ्यायचा, आणि साडेबाराच्या आत शेलार गावातल्या घरी पोचायचा. त्या शनिवारीही तसंच झालं. दोन हजार आठचा जानेवारी होता. ओट्यावर त्याची आई सुपात वाल घेऊन सोलत बसली होती. तिचं नाव राहीबाई, पण सगळं गाव तिला आक्काच म्हणायचं. आत चंद्रा, त्याची बायको, भाकऱ्या थापत होती. मुलगी उन्नती मानकोलीच्या एका गोदामाच्या ऑफिसात कामाला होती. तिला सुट्टी होती आणि ती कॉम्प्युटरसमोर बसली होती.

"पप्पा, काकाच्या नावाने मेल आलंय," ती म्हणाली.

केसरीनाथने जुडी चंद्राच्या हातात दिली. धनेश, त्याचा धाकटा भाऊ, जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. साध्या तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत सगळं संपलं. वय अडतीस, लग्न केलं नव्हतं. त्याच्या नावाचं मेलचं खातं उन्नतीनेच उघडून दिलं होतं आणि तीच ते महिन्यातून एकदा उघडून बघायची. न उघडलेली खाती बंद होतात, असं तिने कुठेतरी वाचलं होतं.

"कोणाचं आहे?"

"काकाच्या प्रोसेसरच्या कंपनीचं. 'प्रिय धनेश, तुमच्या यंत्रासाठी नवी आवृत्ती तयार आहे.' फर्मवेअर अपडेट. म्हणजे मशीनच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर बदलायचं."

प्रोसेसर गिटारचा होता, पण घरात गिटार नव्हती. धनेशची बेंजो पार्टी होती. हळदीला, साखरपुड्याला, देवीच्या पालखीला तो बेंजो वाजवायचा. डाव्या हाताने टाइपरायटरसारखी बटणं दाबायची आणि उजव्या हातातल्या पट्टीने तारा छेडायच्या. त्या तारांचा आवाज पायाशी ठेवलेल्या प्रोसेसरमधून स्पीकरला जायचा. परातीएवढं ते काळं मशीन कधी सनईसारखा आवाज काढायचं, तर कधी दहा गिटारींसारखा. मस्कतहून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून धनेशने ते मागवलं होतं, आणि ते घरी आलं त्या दिवशी खोक्याचीसुद्धा आरती केली होती.

"अपडेटने काय होतं?" केसरीनाथने विचारलं.

"दोन गोष्टी दुरुस्त केल्यात म्हणे. एक, जास्त वेळ चालवलं की मशीन हँग होतं, ते आता होणार नाही."

"हे बरं झालं." गेल्या मे महिन्यात गावातल्या काळूरामच्या मुलाच्या हळदीत मशीन भर गाण्यात गप्प झालं होतं, आणि अख्खा मांडव केसरीनाथकडे बघत राहिला होता.

"आणि दुसरं... 'काही यंत्रांवर इकोची वेळ शून्याच्या खाली दिसते. हा दोष दूर केला आहे.'" उन्नती वळली. "ते कसं? शून्याच्या खाली वेळ?"

"आकडा चुकत असेल," केसरीनाथ म्हणाला. तो सातवीला गणित आणि विज्ञान शिकवायचा.

"फक्त एक अडचण आहे. अपडेट केलं की काकाने बनवलेले सगळे आवाज पुसले जाणार. आकडे लिहून ठेवले तर परत घालता येतील. आणि करताना लाइट गेली तर मशीन कायमचं मेलं."

"दोन ते पाच लाइट जाते, तवा न्हाय करायचं," आक्का बाहेरून म्हणाली. वाल सोलणाऱ्या तिच्या हातांपेक्षा कान जास्त चालायचे. "सकालच्याला करा. माझ्या नातीच्या हलदीत मशीन मेलं न्हाय पायजे."

उन्नतीची हळद दोन आठवड्यांवर आली होती. मुलगा अकलोलीचा. काकाच्या मशीनवरच बेंजो वाजायला हवा, असं उन्नतीने लग्न ठरायच्या आधीच सांगून ठेवलं होतं. पुढच्या रविवारी सकाळी अपडेट करायचं ठरलं. मग सगळे जेवायला बसले. वालाचं बिरडं छान जमलं होतं.

२

दुसऱ्या दिवशी केसरीनाथ शंभर पानी वही घेऊन वरच्या खोलीत गेला. खोली धनेशची होती, पण तिचं कुणी देवघर केलं नव्हतं. तिथे उन्नतीच्या लग्नाची भांडी रचली होती, पापडांचे डबे होते, आणि खिडकीशी बेंजो, प्रोसेसर, स्पीकर. खिडकीतून दूरच्या लूमचा, कापडाच्या यंत्रमागांचा, खडखडाट यायचा. तो इतका सवयीचा होता की शुक्रवारी सुट्टीला लूम बंद पडले की माणसं डोकं वर करून बघायची.

प्रोसेसरमध्ये धनेशने एकूण सव्वीस आवाज बनवले होते. एकेक आवाज लावायचा, पडद्यावरचे आकडे वाचायचे, वहीत उतरवायचे. हे काम केसरीनाथच्या स्वभावाला धरून होतं. अकरा वाजेपर्यंत पंचवीस झाले.

सव्विसाव्या आवाजाला धनेशने इंग्रजी अक्षरांत 'आक्का' असं नाव दिलं होतं.

आक्का धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी नंतर आले, आधी धवलारीण. हळदीला, मांडवाला, देव बसवायला तिच्या धवल्यांशिवाय, म्हणजे लग्नगीतांशिवाय, काहीच हलत नाही. आक्काने चाळीस वर्षं धवले गायले. तिला दमा होता, आणि एका ओळीत तिचा श्वास नेमका भलत्या ठिकाणी संपायचा. 'खाडीपल्याडून वारा आला, मांडवाच्या मेढी हालल्या' अशी ओळ. मेढी म्हणजे खांब. आक्का 'मांडवा' म्हणून थांबायची, खोल श्वास घ्यायची, आणि मग 'च्या मेढी हालल्या' म्हणायची. धनेश तिच्या मांडीवर बसून शिकला. त्याला वाटलं, गाणं असंच आहे. मोठा झाल्यावर, बेंजोवरही, तो तिथे थांबायचा.

"माजा दम तुटतो तिथं," आक्का त्याला म्हणायची, "तुज्या बेंजोला काय दमा झालाय का रं?"

सगळे हसायचे. धनेश मात्र थांबायचाच. केसरीनाथ बेंजो भावाकडूनच शिकला, पण तो ओळ सरळ वाजवायचा. चूक समजल्यावर ती पुन्हा करणं त्याला जमत नसे.

सव्विसाव्या आवाजाचे आकडे तो उतरवत गेला. इकोच्या रकान्याशी आला तेव्हा पडद्यावर होतं: -०४०.

त्याने चष्मा पुसला. उणे चाळीस. हे आकडे मिलिसेकंदांचे होते. हजार झाले की एक सेकंद. इको म्हणजे मूळ आवाजानंतर येणारा पडसाद. दरीत हाक मारली की जरा वेळाने परत येते, तसा. चाळीस म्हणजे पापणी लवायला लागतो त्यापेक्षाही कमी वेळ. पण उणे?

त्याने बटण फिरवून पाहिलं. आकडा शून्यावर अडायचा, खाली जायचा नाही. बटण सोडलं, आवाज पुन्हा लावला, उणे चाळीस.

कंपनीने दोष म्हटलाच आहे, असं म्हणत त्याने वहीत 'उणे ४०' लिहिलं. मग पट्टी उचलून, फक्त तपासायला म्हणून, एक सूर छेडला.

काहीतरी चुकलं होतं. काय, ते त्याला पटकन सांगता आलं नसतं. पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि जमीन जरा आधीच लागावी, तसं. पट्टी तारेला लागली तेव्हा खोलीत तो सूर आधीच होता.

मनाचे खेळ, केसरीनाथने स्वतःला सांगितलं. आकडा वाचला म्हणून कान तसं ऐकतात. वर्गात त्याने हा प्रयोग मुलांवर कितीदा केला होता.

३

बुधवारी संध्याकाळी लडकू सरावाला आला. लडकू धनेशच्या पार्टीत ढोलकी वाजवायचा. वय पन्नाशीचं, पोट पुढे, आणि तोंड ढोलकीपेक्षा मोठं. पार्टी आता धंदा म्हणून चालत नव्हती, पण घरच्या हळदी कुणी सोडल्या नव्हत्या.

"मास्तर, चहा आधी का सराव आधी?" त्याने खालूनच ओरडून विचारलं.

"सराव."

"म्हंजे चहा. वैनी, दोन कप! मास्तरांना अर्धा!"

अर्ध्या तासाने दोघे बसले. पहिली दोन गाणी ठीक गेली. तिसऱ्याला केसरीनाथने सव्विसावा आवाज लावला आणि आक्काचा धवला सुरू केला. चार ओळी झाल्या आणि लडकूने ढोलकी थांबवली.

"काय झालं?"

"मास्तर, तुमचा हात आधी का आवाज आधी?"

"म्हणजे?"

"मी तुमच्या हाताकडं बघून ठेका धरतो. धनेशच्या टायमापासून हीच सवय. आज हात बघून वाजवलं तं मी मागं पडतो. मशीन घाई करतंय तुमचं. लग्न पोरीचं हाय, मशीनचं न्हाय."

केसरीनाथने खाली वाकून पडद्याकडे पाहिलं. उणे तीनशे दहा. रविवारी चाळीस होता. मधल्या दिवसांत मशीनला कुणी हात लावला नव्हता.

"स्पीकरची वायर सैल असेल," तो म्हणाला. ते वाक्य बोलतानाच त्याला कळलं की याला काही अर्थ नाही. तार सैल असली तर आवाज खरखरतो, लवकर येत नाही.

"डोले मिटून वाजवतो मी," लडकू म्हणाला. "कानाला बरोबर लागतंय. लई गोड लागतंय, खरं सांगू का."

त्यांनी पुन्हा सुरुवात केली. 'खाडीपल्याडून वारा आला' झालं, आणि केसरीनाथची बोटं नेहमीप्रमाणे सरळ पुढे गेली. स्पीकरमधला आवाज पुढे गेला नाही. 'मांडवा'वर थांबला. एक श्वास मावेल एवढी जागा राहिली. मग 'च्या मेढी हालल्या'. पुढच्या ओळीला सगळं पुन्हा एकत्र आलं.

लडकूने डोळे उघडले नाहीत. पण ढोलकीही त्या जागी थांबली होती, जशी ती धनेशबरोबर वीस वर्षं थांबायची.

खालून आक्काची हाक आली. "केसरी! आज बराबर वाजवलंस रं. धनेशवानी."

केसरीनाथने बेंजो मांडीवरून खाली ठेवला. त्याचे दंड गार पडले होते. पण छातीत, अगदी आत, दिवसभराच्या उन्हानंतर माठातलं पाणी प्यावं तसं काहीतरी झालं होतं, आणि तेच त्याला जास्त विचित्र वाटलं.

४

पुढचा रविवार उजाडला. उन्नतीने कॉम्प्युटर प्रोसेसरशी जोडायची केबल काढून ठेवली, फाइल उतरवून घेतली. लाइट होती.

"चला पप्पा. वीस मिनिटांचं काम."

"सव्विसावा आवाज परत घालता येणार नाही," केसरीनाथ म्हणाला. "उणे आकडा हाताने घालता येत नाही."

"मग तो शून्य ठेवायचा. तो दोषच आहे ना? कंपनीनेच लिहिलंय."

"हो."

"मग?"

त्याने प्रोसेसरच्या पडद्यावरची धूळ बोटाने पुसली. उन्नती त्याच्याकडे बघत राहिली. "पप्पा, मला पण काकाचा आवाज हवाय. पण माझ्या हळदीत काकाचं मशीन बंद पडलं ना, तर मला काका परत गेल्यासारखं वाटेल. ते नको मला."

"नाही पडणार बंद."

"कोणी सांगितलं?"

तो म्हणाला, "शनिवारच्या हळदीआधी करू," आणि उन्नतीने केबल गुंडाळून टेबलावर ठेवली.

खरं तर तो त्या दिवसांत सुखात होता. शाळेतून आल्यावर चहा घ्यायचा, वर जायचा, वीस मिनिटं बसायचा. आकडा नऊशे नव्याण्णवपर्यंत गेला, आणि पडद्यावर चौथ्या आकड्याला जागा नसल्यामुळे त्यानंतर नुसत्या चार आडव्या रेघा दिसू लागल्या. आता किती आधी, ते कळायला मार्ग नव्हता. तो बेंजो मांडीवर घ्यायचा. स्पीकरमधून एक ओळ यायची. काही वेळाने त्याची बोटं तीच ओळ वाजवायची. त्याच्या वाजवण्यात थांबा नसायचा, स्पीकरमधल्या ओळीत असायचा. एक जण चालतो आहे आणि दुसरा दोन पावलं पुढे जाऊन वळून बघतो आहे, असं वाटायचं. लहानपणी खाडीच्या बांधावर धनेश असाच पुढे पळायचा.

पण केसरीनाथ मास्तर होता. मंगळवारी त्याने प्रयोग करायचा ठरवला. आवाज लावला आणि दोन्ही तळवे मांडीखाली दाबून बसला. स्पीकरमधून एका कोळीगीताची एक ओळ आली. तिसऱ्या सुराला चुकीचं बटण दाबलं गेल्यासारखा बेसूर झाला, आणि ओळ सावरली. केसरीनाथने तळवे काढले नाहीत. मनात शंभरपर्यंत आकडे मोजले, मग पाचशेपर्यंत. काहीच झालं नाही. तो मोठ्याने हसला. मशीनमध्ये जुनं काहीतरी साठून राहिलं आहे, दुसरं काय! तो खाली गेला आणि चंद्राबरोबर लाडू वळायला बसला.

संध्याकाळी लडकू आला. दोघांनी कोळीगीत धरलं. रस्त्यावर ट्रकचा कर्कश हॉर्न वाजला, केसरीनाथ दचकला, आणि तिसऱ्या सुराला बोट चुकीच्या बटणावर पडलं.

"सांभालून मास्तर," लडकू म्हणाला. "सासरच्यांना वाटंल, बाप नाराज हाय."

केसरीनाथने ओळ सावरली. ती कशी सावरायची ते त्याला मघापासून माहीत होतं.

५

गुरुवारपासून त्याने शाळेत रजा टाकली. दारात मांडव उभा राहत होता. जेवणं झाली, माणसं सावलीला आडवी झाली. पावणेदोनला केसरीनाथ वर गेला. पाव तासात लाइट जाणार होती. तेवढाच पाव तास.

पापडांच्या डब्यांचा वास खोलीत भरला होता. पंखा फिरत होता. त्याने मशीन चालू केलं, बेंजो हातात घेतलाच नाही, भिंतीला टेकून बसला.

स्पीकरमधून आक्काचा धवला सुरू झाला.

दुसऱ्या ओळीला एक तार सैल पडली. सूर लोंबल्यासारखा झाला, पण वाजवणारा थांबला नाही. 'मांडवा' आलं. थांबला. आणि त्या मोकळ्या जागेत कुणीतरी श्वास घेतला.

बेंजोला माइक नसतो. तारांखालचा चुंबक फक्त तारा ऐकतो, माणसं ऐकत नाही. केसरीनाथला हे माहीत होतं, आणि तरी तो श्वास होता. ओला, खोल, शेवटी बारीक शिट्टी वाजणारा. मग 'च्या मेढी हालल्या', आणि धवला संपला.

जरा वेळ नुसती घरघर. मग तोच धवला पुन्हा. या वेळी तारा नव्या होत्या, हात खुशीत होता. थांबा तिथेच. संपला.

तिसऱ्यांदा तो खूप हळू आला. बटणांवर बोटं पडायला वेळ लागत होता. मधेच एखादं बटण अर्धंच दाबलं जात होतं. म्हाताऱ्याचा हात. केसरीनाथने नकळत स्वतःची बोटं उघडून पाहिली. वाजवणारा थकलेला होता, पण गाणं विसरला नव्हता. संपला.

चौथ्यांदा सुरू व्हायला बराच वेळ गेला. आता तर सूर मोजता आले असते. 'खाडीपल्याडून वारा आला,' आणि मग, कसाबसा, 'मांडवा'.

दोन वाजले. लाइट गेली.

प्रोसेसरचा लाल दिवा विझला. पंख्याचा आवाज खाली खाली येत गेला, पाती एकेक दिसू लागली आणि थांबली. लांबचे लूमही गप्प झाले होते. इतकी शांतता त्या खोलीत शुक्रवारीसुद्धा नसायची. केसरीनाथ स्पीकरकडे बघत होता. तो मेलेला होता. त्यात वीज नव्हती.

'च्या मेढी हालल्या,' स्पीकरमधून आलं.

हात वेगळा होता. तरुण, भरभर, आणि शेवटच्या सुराला दोन बटणं एकदम दाबून झटकन सोडणारा. तशी दोन बटणं एकदम दाबणारा माणूस केसरीनाथने आयुष्यात एकच पाहिला होता, याच खोलीत.

मशीनमध्ये वीज थोडा वेळ साठून राहते, हे त्याला आठवलं. ते खरंही आहे. एका ओळीपुरती साठत असेल. असेलही. घामाने सदरा पाठीला चिकटला होता. खाली कुणीतरी झोपेत खोकलं, आणि ते आक्काचं खोकणं आहे हे ओळखून त्याला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

६

शुक्रवारी रात्री जेवताना उन्नतीने फक्त भुवया उंचावून विचारलं. केसरीनाथने नाही म्हणून मान हलवली.

"हँग झालं ना पप्पा, तर मी पाटावरून उठून येईन. हळदीच्या हातांनी."

"ये," तो म्हणाला.

शनिवारी ऊन उतरल्यावर हळद लागली. मांडवात बाया दाटीने बसल्या होत्या. धवले गायला दुसऱ्या गावची धवलारीण बोलावली होती; धनेश गेल्यापासून आक्का गात नव्हती, आणि तिला गा म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. ती खांबाशी खुर्ची टाकून बसली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या साडीला नावं ठेवत होती.

लडकूने ढोलकीवर थाप मारली. केसरीनाथने सव्विसावा आवाज लावला. तो वाजवत होता आणि स्पीकरमधून जे येत होतं ते नेमकं त्याच्या हातांबरोबर येत होतं. ना आधी, ना नंतर. त्याने एकदा खाली पाहिलं. पडद्यावर साधं शून्य होतं. दोन दिवसांपूर्वी आधीच येऊन गेलेलं आता फिरून येणार कशाला, असं त्याच्या मनात आलं, आणि दुसऱ्याच ओळीला पहिली तार सैल पडली. सूर लोंबला. तो थांबला नाही.

'खाडीपल्याडून वारा आला, मांडवा' इथे त्याची बोटं थांबली. त्याने थांबवली नव्हती. इतकी वर्षं जी चूक त्याच्याकडून झाली नव्हती, ती आपोआप झाली.

त्या मोकळ्या जागेत स्पीकरमधून श्वास आला. लडकूने मान वर केली. खांबाशी बसलेल्या आक्काने गर्रकन स्पीकरकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. आपली जागा कुणी घेतली आहे, असा किंचित राग होता. मग तिने स्वतःचा श्वास घेतला आणि 'च्या मेढी हालल्या' हे शब्द तिच्या फाटक्या, खणखणीत आवाजात अख्ख्या मांडवावर पडले.

बायांचा एकदम गलका झाला. उन्नती पाटावर हळदीने माखलेली बसली होती. हसत होती आणि रडत होती, आणि करवल्या तिचे डोळे पुसताना तिच्या गालांवर आणखी हळद फासत होत्या. आक्काने पुढचे सगळे धवले एकटीने गायले. दुसऱ्या गावची धवलारीण रुसली, तर आक्का तिला म्हणाली, "तू जेव बाय. तुजा मान तुला भेटंल. आज माजा पोरगा वाजवतोय."

कुठला पोरगा, ते तिने सांगितलं नाही. मशीन शेवटपर्यंत बंद पडलं नाही.

७

उन्नती अकलोलीला नांदते. दर रविवारी फोन करते. आधी आजीची चौकशी, मग आईची, मग विचारते, "पप्पा, केलंत का अपडेट? त्या फाइलवर डबल क्लिक करायचं, बस. आता तर अजून नवी आवृत्ती आलीये."

"करतो," केसरीनाथ म्हणतो.

मशीन अधूनमधून हँग होतं. सरावाला बसलं की अर्ध्या तासाने गप्प होतं. मग ते बंद करून गार होऊ द्यावं लागतं. लडकू तेवढ्यात चहा मागतो. दुसऱ्या आवाजांना काही अडचण नाही. सव्विसावा आवाज केसरीनाथ सहसा लावत नाही. मेमध्ये लडकूच्या पुतणीच्या हळदीला लावला होता. तारा नव्या बसवल्या होत्या, हात खुशीत होता. धवला छान झाला.

तो मोजतो. मोजणं त्याचा धंदाच आहे. दोन झाले, दोन राहिले. पुढचा कधी, ते मशीनने सांगितलेलं नाही. हात म्हातारा होईपर्यंत तरी नाही, एवढं त्याला माहीत आहे, आणि बहुतेक माणसांना तेवढंही माहीत नसतं. कधीकधी वर्गात मुलं गणित सोडवत असतात, पंखा कुरकुरत असतो, आणि त्याला ती दुपार आठवून मानेवर काटा येतो. मग शेवटच्या सुराची ती दोन बटणं आठवतात. आपण जिथे थांबू तिथून पुढे ओळ घेणारं कुणीतरी बसलेलं आहे, असं वाटतं. घंटा होते. तो वह्या गोळा करतो आणि घरी जातो. चंद्राने काहीतरी चांगलं केलेलं असतं.

नव्या आवृत्तीत तो दोष दूर केलेला आहे. सव्वीस आवाजांचे आकडे वहीत उतरवून झाले आहेत. फाइल कॉम्प्युटरवर आहे. सकाळी लाइटही असते.

अपडेट करायचं राहिलं आहे.